तिसऱ्या वर्षाची बॅटरी

श्रोतेहो, नमस्कार.

जवळ कागद-पेन असेल तर घ्या. आज ई-सायकलबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात हिशेबानेच करायची आहे.

नवी मुंबईत तुर्भे स्टोअर्सहून वाशीला किंवा दिघ्याहून ऐरोलीला घरकामाला जाणाऱ्या एखाद्या ताईंचे शेअर रिक्षाला जाऊन-येऊन रोज ४० रुपये जातात असं धरू. महिन्याचे २६ दिवस कामाचे. झाले १,०४० रुपये. त्यांना कोणीतरी सांगतं, ‘ई-सायकल घ्या, चार्जिंगला तीन-चार रुपये लागतात, बाकी सगळी बचत.’ ऐकायला छान वाटतं. पण बऱ्यापैकी टिकाऊ ई-सायकल साधारण ३० हजारांना पडते. बचत गटातून शेकडा एक रुपया व्याजाने, उरलेल्या मुदलावर, २४ हप्त्यांत कर्ज घेतलं तर हप्ता येतो १,४१२ रुपये. रिक्षापेक्षा इथेच जास्त झाले. त्यावर विजेचे ६०, पंक्चर-ब्रेक-चेन असं मिळून १४०, आणि विकणारा जो आकडा कधी तोंडातून काढत नाही तो, म्हणजे पुढच्या बॅटरीसाठी बाजूला टाकायचे ३५०. बेरीज गेली १,९६२ वर.

दोन वर्षांनी हप्ते संपतात आणि महिन्याचा खर्च ५५० वर येतो, हे खरं. पण पाच वर्षांचा सगळा खर्च ६० महिन्यांत वाटला तर महिन्याला साधारण १,११५ रुपये पडतात. म्हणजे रिक्षाएवढेच, वर कर्जाची टांगती तलवार. त्यामुळे रोज ४० रुपये खर्च असलेल्या बाईच्या गळ्यात नवी कोरी ई-सायकल कर्जाने मारणं आम्हाला पटत नाही. मग त्यासाठी कितीही मोठा कार्यक्रम करून फोटो काढलेले असोत.

पण हाच हिशेब दुसऱ्या माणसाला लावून बघा. दिवाळे कोळीवाड्यातून बेलापूर-सीवूड्सच्या सेक्टरांत मासळी घेऊन जाणाऱ्या मावशी. पाटी बरोबर असल्यामुळे त्यांना शेअर रिक्षात कोणी घेत नाही, पूर्ण रिक्षा करावी लागते. रबाळे-महापे एमआयडीसीत रात्रपाळी करणारा हेल्पर. पाळी सुटते तेव्हा बस नसते. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत बारा-बारा तास ड्युटी करणारा वॉचमन, राहायला लोकमान्य नगरला. यांचा रोजचा खर्च ८० रुपयांच्या घरात असेल तर महिन्याचे २,०८० होतात, आणि सायकल पहिल्या महिन्यापासून परवडते. घरकामवाल्या ताईंकडे धडधाकट साधी सायकल आधीच असेल, तर तिलाच मोटरचं किट बसवायचं. किट, बॅटरी आणि मजुरी मिळून १८ हजार धरले तर हप्ता ८४७ रुपये, आणि पाच वर्षांची सरासरी ८९० च्या आत. इथे जरा तरी हाताशी उरतं.

तेव्हा सायकली वाटणाऱ्यांनो, कोणाला द्यायची हे ठरवताना आधी त्या माणसाचा रोजचा प्रवासखर्च विचारा. रेशनकार्डाचा रंग नंतर.

आता कायद्याचं, थोडक्यात. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. एवढं असेल तर ती मोटार वाहन ठरत नाही, म्हणून लायसन्स, नंबरप्लेट, विमा यांची गरज नाही. तयार सायकल घेताना त्या मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र दुकानदाराकडे मागा. बाजारात ३५० आणि ५०० वॅटची किटंही ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून सर्रास विकली जातात, आणि वेगाला लगाम घालणारी वायर कापून देणारे महाभागही आहेत. ती वायर कापली की गाडी कायद्याच्या भाषेत मोटार वाहन झाली, तेही बिननंबरचं. पकडली गेली तर हप्ता मात्र चालूच राहतो.

आता मुख्य विषय, बॅटरी. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम बॅटरीत सेलचे १० गट एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक गट ४.२ व्होल्ट, म्हणजे सगळी बॅटरी ४२ व्होल्ट. उतरत उतरत ३०-३१ व्होल्टवर आली की मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर मोटर बंद करतो. १० अँपिअर-अवरच्या बॅटरीत ३६० वॅट-अवर मावतात, युनिटच्या भाषेत एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. सपाट रस्त्यावर, पेडलची साथ असेल तर किलोमीटरला साधारण १० वॅट-अवर लागतात. म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर.

यातून एक फार उपयोगाची गोष्ट निघते. रोज १२ किलोमीटर फिरणाऱ्या बाईला १२० वॅट-अवरच लागतात. २ अँपिअरचा चार्जर ते दीड तासात भरतो. रात्रभर चार्जिंग लावून झोपायची काही गरज नाही, आणि आगीच्या दृष्टीने तेच टाळायचं असतं. संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत काम झालेलं असतं. ज्यांना रात्रीशिवाय वेळच नाही त्यांनी काही शे रुपयांत मिळणारा टायमर प्लगला लावावा. हा चार्जर भिंतीतून जेमतेम शंभर वॅट खेचतो, एखाद्या पंख्याहून थोडं जास्त. खोलीमालक बिलाच्या भीतीने नाही म्हणत असेल तर त्याला हा आकडा सांगा.

चार्जिंग कुठे करायचं नाही तेही ऐका. गादीवर नाही, पांघरुणाजवळ नाही, आणि दाराच्या वाटेत तर अजिबात नाही. दहा बाय दहाच्या खोलीला दार एकच असतं. तिथेच बॅटरी पेटली तर बाहेर पडणार कुठून? उन्हातून आल्या आल्या लगेच लावू नका, अर्धा तास गार होऊ द्या. बॅटरी फुगली, गोडसर किंवा केमिकलसारखा वास आला, जोरात पडून डबा चेपला, तर तिला घरात ठेवू नका.

बचत गटातल्या दहा-पंधरा जणींनी सायकली घेतल्या की एक धोका हमखास उभा राहतो. चार्जरची अदलाबदल. लिथियमच्या दोन जाती आहेत. नेहमीच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा. दुसरी जात लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात ‘एलएफपी’ म्हणतात. तिच्यात सेलचे १२ गट असतात आणि चार्जर ४३.८ व्होल्टचा. पिन बहुतेक वेळा सारखीच. एलएफपीचा चार्जर साध्या बॅटरीला लागला तर एकेका सेलवर ४.३८ व्होल्टपर्यंत दाब जातो आणि मध्ये संरक्षणाला उरतो फक्त आतला बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारा छोटा बोर्ड. तो स्वस्तातला असेल तर देवावर भरवसा. म्हणून एका बचत गटात एकाच जातीच्या बॅटऱ्या घ्या. आमचं मत विचाराल तर एलएफपी घ्या. थोडी महाग, थोडी जड, पण जास्त वर्षं टिकते आणि सहजासहजी पेटत नाही. आणि चार्जर व बॅटरी दोन्हींवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. वाचता येत नसलं तरी रंग कळतो.

शिशाची बॅटरी स्वस्त म्हणून घेऊ नका. ३६ व्होल्टसाठी १२-१२ च्या तीन लागतात, वजन १२ किलोच्या पुढे. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर रोज ती चढवणार कोण? शिवाय अर्धवट उतरलेली पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर जमतो आणि वर्ष-दीड वर्षात मान टाकते. लिथियमची काढता येणारी बॅटरी अडीच-तीन किलोची, पिशवीत मावते.

गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाताना लिथियम बॅटरी रिकामी ठेवून जाऊ नका. बीएमएस स्वतःही थोडी थोडी वीज खात असतो. पंधरा-वीस दिवसांत सेल इतके खाली जातात की परत आल्यावर चार्जर तिला ओळखतच नाही. पूर्ण भरूनही ठेवू नका. अर्धी भरलेली, म्हणजे साध्या बॅटरीत व्होल्ट मोजायच्या मीटरवर ३७-३८ व्होल्ट, सायकलवरून काढून सावलीत ठेवायची.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं हे मीटर, बचत गटाने विकत घ्यायचं पहिलं हत्यार. तीन-चारशे रुपयांत मिळतं. बॅटरी पूर्ण भरा, चार्जरवर हिरवा दिवा आला की काढा, एक तास थांबा आणि मोजा. साध्या बॅटरीत ४१.५ च्या आसपास आलं तर उत्तम. हिरवा दिवा येऊनही ३९-४० च दिसत असेल, तर सेलचा एखादा गट इतरांच्या आधी भरून जातोय आणि बीएमएस बाकीच्यांना भरूच देत नाहीये. गटांचा ताळमेळ सुटला. अशा वेळी रस्त्यावरचा मेकॅनिक तेवढाच एक गट काढून नवे सेल घालून देतो. काही महिने चालते, मग पुन्हा तेच, कारण नवे आणि जुने सेल एका वेगाने उतरत नाहीत. सहा महिन्यांच्या आत हे झालं तर वॉरंटीत बदलूनच घ्या. त्यासाठी खरेदीच्या वेळी बिलावर बॅटरीचा सीरियल नंबर लिहून घेतलेला हवा, आणि सेलना आयएस १६०४६ चं बीआयएस प्रमाणपत्र आहे का तेही विचारलेलं हवं.

वापर नीट असला तरी साध्या लिथियम बॅटरीला तीन-चार वर्षांत निरोप द्यावा लागतो. नवी साधारण १२ हजारांची. वाटप केलेल्या सायकली नेमक्या याच टप्प्यावर धूळ खायला लागतात. सायकल ठीक, मोटर ठीक, आणि एकरकमी १२ हजार कोणाच्या हातात नाहीत.

याला उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. भिशी. दहा जणींनी सायकल घेतल्याच्या पहिल्या महिन्यापासून दरमहा ३५० रुपये टाकायचे. महिन्याचे साडेतीन हजार, दोन वर्षांत ८४ हजार, तीन वर्षांत १ लाख २६ हजार. दहाही बॅटऱ्या एका दिवशी मरत नाहीत, त्यामुळे पैसा पुरतो. फक्त ही भिशी नंबराने फोडायची नाही, बॅटरी गेली त्या क्रमाने द्यायची. ‘गेली’ कशाला म्हणायचं तेही आधीच ठरवा, नाहीतर भांडणं अटळ. सोपा नियम असा: नवी असताना पूर्ण चार्जवर ठरलेल्या रस्त्याने किती किलोमीटर गेली ते वहीत लिहून ठेवायचं. तोच रस्ता, तोच पेडल-असिस्टचा (मोटरच्या साथीचा) टप्पा, आणि अंतर ६० टक्क्यांवर आलं की नंबर लागला. पैसे कोणाच्या घरी नकोत, गटाच्या बँक खात्यात हवेत.

सरकारी मदत याच जागी असावी असं आम्हाला वाटतं. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये ई-सायकलींना किमतीच्या २५ टक्के, कमाल साडेपाच हजार, आणि मालवाहू ई-सायकलींना ३३ टक्के, कमाल १५ हजार असं अनुदान जाहीर केलं होतं. मालवाल्यांना जास्त, हा विचार बरोबर होता. पण सगळी मदत खरेदीच्या दिवशीच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या सामाजिक निधीतून सायकली देणार असतील तर त्यांना सांगणं एवढंच की शंभरऐवजी सत्तर द्या आणि उरलेले पैसे सत्तर बॅटऱ्यांसाठी तीन वर्षं मुदत ठेवीत टाका. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधीचं कर्ज आहे. २०२५ च्या बदलानंतर पहिला टप्पा १५ हजार, दुसरा २५, तिसरा ५० हजार, आणि वेळेवर फेडलं तर व्याजावर ७ टक्के अनुदान. ते धंद्याच्या भांडवलासाठी आहे. मासळी-भाजीचा माल त्या पैशातून भरा आणि गाठीची बचत किटला वापरा.

किट बसवताना काय चुकतं ते बघू. मोटर मागच्या चाकात असते आणि तिचा अॅक्सल दोन बाजूंनी चपटा केलेला असतो. सायकलच्या खाचेत तो चपटा भाग घट्ट बसला पाहिजे. साध्या सायकलीत चाक फिरतं आणि अॅक्सलवर जोर येत नाही. हब मोटरमध्ये चाक जेवढ्या जोराने पुढे जातं, तेवढ्याच जोराने अॅक्सल उलटा फिरू बघतो. नट ढिला राहिला की आधी सुरू होताना ‘कट्’ असा आवाज येतो. मग अॅक्सल खाचेत वळतो, आतून येणारी वायर पिळवटते आणि तुटते. मोटर गेली. म्हणून टॅब वॉशर तर हवाच, शिवाय टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी फ्रेमला क्लॅम्पने बांधून घ्या. दीडशे-दोनशेची वस्तू आहे. पहिल्या आठवड्यानंतर नट पुन्हा आवळा. पुढच्या चाकाची मोटर अॅल्युमिनियमच्या किंवा शॉकअपच्या चिमट्यात कधीही बसवू नका, खाच तुटून चाक निखळतं.

दांडीच्या ब्रेकची जुनी काळी सायकल भक्कम म्हणून अनेकांना तिलाच मोटर लावायची असते. तिथे दोन अडचणी आहेत. मागच्या खाचांमधलं अंतर साधारण ११० ते १२० मिलिमीटर, मोटरला हवं १३५. पोलादी फ्रेम दोन्ही बाजूंनी सारखी फाकवता येते, ते जमेल. पण दांडीचा ब्रेक मोटरच्या रिमवर बसत नाही, आणि २५ च्या वेगाला तो पुरतही नाही. ब्रेकचा सगळा संच बदलण्याचा खर्च किटच्या जाहिरातीत नसतो. त्यापेक्षा २६ इंची, पोलादी, व्ही-ब्रेकची लेडीज सायकल बरी. साडी नेसणाऱ्यांना मधली दांडी नकोच, आणि मागच्या चाकाला जाळी व पूर्ण चेनकव्हर हवं. पदर चाकात गेला तर मोटर थांबत नाही. म्हणूनच ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे कट-ऑफ लीव्हर दोन्ही बाजूंना बसवा, त्यात काटकसर नको.

मासळीवाल्या मावशींसाठी थोडं जास्त. साधं कॅरिअर २५ किलोपर्यंतचं असतं. बर्फासकट पाटी ३०-४० किलो भरते, तेव्हा अॅक्सलपाशी टेकणारं चार पायांचं लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घ्या. ३६ स्पोकची दुहेरी रिम, टायर जाड, हवा पुरेशी आणि दुहेरी स्टँड. पण खरा शत्रू वजन नाही, बर्फाचं खारं पाणी आहे. ते पाटीतून ठिबकतं ते थेट अॅक्सलवर, जिथून मोटरची वायर आत शिरते. दोन पावसाळ्यांत बेअरिंग गंजतं आणि कनेक्टर हिरवे पडतात. पाटीऐवजी झाकणाचा प्लास्टिक क्रेट घ्या, तळाला भोक पाडून नळी लावा, आणि मोटरची वायर निघते त्याच्या विरुद्ध बाजूने ती नळी चाकाच्या बाहेर सोडा. रोज घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने हब पुसा, पाइप मारू नका.

चढावर पेडल मारायचंच. बाई, सायकल आणि माल मिळून ११५ किलो धरा. फ्लायओव्हरच्या पाच टक्के चढावर ताशी १० च्या वेगालाही चाकावर जवळपास २०० वॅट लागतात, आणि मोटर हळू फिरत असताना आलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो. ठाण्याच्या येऊरसारख्या चढावर नुसती थ्रॉटलची मूठ पिळत गेलात तर मोटरला हात लावता येणार नाही इतकी तापेल.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचतं हे ठाण्या-ऐरोलीत ये-जा करणाऱ्यांना सांगायला नको. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे फूटभर आलं, की थांबा. गेलीच पाण्यात तर स्विच बंद करा, बॅटरी काढा, कनेक्टर उघडे ठेवून दिवसभर वाळवा, आणि तोवर चार्जिंग नाही. पाऊस थांबल्यावर मोटर चालत नाही अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात आणि कंट्रोलर बदलून येतात. त्याआधी तीन गोष्टी बघा. ब्रेक लीव्हर गंजून अर्धवट दाबलेला राहिलाय का? मग मोटर बंदच राहणार. पेडलजवळची चुंबकाची चकती सेन्सरपासून सरकली आहे का? मध्ये दोन-तीन मिलिमीटरचीच फट हवी. एखादा कनेक्टर सुटलाय का? बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो.

ज्यांना सायकलच येत नाही, त्यांना आधी मोटर नको. पेडल काढा, सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील, आणि मोकळ्या मैदानात पायाने ढकलत तोल शिकू द्या. मग पेडल, मग ब्रेक, सगळ्यात शेवटी असिस्टचा पहिला टप्पा. शिकवताना एक सवय लावाच: खाली उतरण्याआधी स्विच बंद. सायकल हाताने ढकलताना थ्रॉटलवर मूठ वळते आणि २५ किलोची सायकल उडी मारते. गर्दीच्या गल्लीत हे महागात पडतं.

ज्या दिव्यांगांना पेडल मारता येत नाही, त्यांच्यासाठी बॅटरीवरची तीनचाकी आहे. केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून ती मिळू शकते, त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधी काढून ठेवा. महापालिकेच्या दिव्यांग कल्याण विभागातही चौकशी करा. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेलं निओबोल्ट हे मोटरचं जोडयंत्र व्हीलचेअरलाच पुढून जोडता येतं. काहीही घेण्याआधी घराच्या दाराची आणि गल्लीतल्या सगळ्यात अरुंद जागेची रुंदी मोजा. गाडी दारापर्यंत पोचली नाही तर ती रात्रभर रस्त्यावर राहते.

सोसायट्यांच्या कमिटीवाल्यांनाही एक विनंती. कामाला येणाऱ्या ताईंची सायकल गेटबाहेर लावायला लावू नका. भिंतीलगत चार-पाच मीटर जागा, साखळी अडकवायला एक लोखंडी पाइप, आणि बॅटरी खाली काढून चार्ज करायला वॉचमनच्या केबिनबाहेर उघड्यावर, पावसापासून आडोशाला एक प्लग. एका सायकलीला दिवसाला दोन रुपयांच्या आत वीज लागेल.

आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला विकू नका. तो ती फोडतो, आणि उरलेल्या चार्जवरही ती पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानात द्या, तिचे किती पैसे वजा केले ते बिलावर लिहून घ्या, आणि ते पैसे भिशीच्या खात्यात भरा.

नमस्कार.